भोंगा सगळ्यांसाठी वाजायचा

प्रश्न : माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. भोंगा वाजला की घरी यायचे, हातपाय धुऊन जेवायचे आणि भजनाला जायचे. माझी मुलगी हिंजवडीतल्या कंपनीत आहे, आठवड्यातले निम्मे दिवस घरूनच काम करते. गार खोली, चांगली खुर्ची, पगार तर तिच्या आजोबांच्या स्वप्नातही आला नसता. तरी रात्री जेवताना फोन पालथा ठेवते आणि लक्ष सगळं त्या फोनकडे. झोप लागत नाही म्हणते. यंत्र वडिलांच्या वेळीही होतं, आणि आजच्यापेक्षा निर्दय होतं. मग ताण हिलाच का? की नवं यंत्र आलं की माणसं अशी हैराण होतातच?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सोपा आहे. होय, होतातच. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज बिअर्ड नावाचे एक मज्जाविकारांचे डॉक्टर होते. १८८१ मध्ये त्यांनी अमेरिकन माणसाच्या अस्वस्थपणावर आख्खं पुस्तक लिहिलं. थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं, कशातच मन न रमणं या सगळ्याच्या मुळाशी त्यांना पाच गोष्टी दिसल्या : वाफेची शक्ती, नियतकालिकं, तारायंत्र, विज्ञान आणि स्त्रियांचं बौद्धिक काम. (पाचवं कारण वाचून हसू येतं. नव्या दुखण्याचं खापर शिकलेल्या बाईवर फोडायची हौस अटलांटिकच्या पलीकडेही होती म्हणायची.) घड्याळालाही त्यांनी सोडलं नाही. घड्याळं अचूक झाली, खिशात आली, म्हणून वेळेवर पोचणं भाग पडलं आणि उशिराच्या धास्तीने माणूस दिवसभर ताणलेला राहू लागला, असं त्यांचं म्हणणं. बिअर्ड यांनी लावलेलं निदान वैद्यकाने पुढे टाकून दिलं. घड्याळाबद्दल मात्र ते बरोबर होते, असं मला वाटतं.

योगायोग असा, की त्याच १८८१ साली मुंबईत घड्याळावरून रण माजलं. ती हकीकत जरा सविस्तर सांगतो. तुमच्या मुलीच्या फोनपर्यंत जायची वाट तिथूनच आहे.

आगगाडीच्या आधी प्रत्येक गावाची वेळ त्या गावापुरती असे. सूर्य माथ्यावर आला की बारा. मुंबईत बारा वाजत तेव्हा मद्रासमध्ये साडेबारा झालेले असत आणि कलकत्त्यात एक वाजून गेलेला असे. बैलगाडीने जाणाऱ्याला त्याचं काय? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला गेली तेव्हाही कुणाचं अडलं नाही. ३४ किलोमीटरमध्ये सूर्य कितीसा सरकणार! पण रूळ लांबत गेले, तारेने निरोप क्षणात पोचू लागला, आणि एका देशाला एकच वेळ हवी झाली. रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मुंबई आणि कलकत्ता यांच्या मधली होती, शिवाय तिथे वेधशाळा होती. त्यामुळे मुंबईकर घरात एक वेळ पाळायचा आणि फलाटावर दुसरी.

१८८१ च्या अखेरीला गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांतही मद्रासची वेळ लागू केली. (पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच हे.) शहर बिथरलं. राजाबाई टॉवर नुकताच, १८७८ मध्ये, बांधून झाला होता. त्याला पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, आईच्या नावाने. दृष्टी गेलेल्या आईला सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ ठोक्यांवरून कळावी म्हणून हा मनोरा, अशी कथा सांगतात. त्या घड्याळात वेळ कोणती दाखवायची? विद्यापीठाने मुंबईची धरली. तर मग रात्री तबकडी उजळायचा खर्च आम्ही देणार नाही, असं सरकारने कळवलं! पण लोक हटले नाहीत. १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला.

दुसरी फेरी १९०६ ची. १ जानेवारीला भारतीय प्रमाणवेळ आली, ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची. मुंबई तिच्या पश्चिमेला पावणेदहा अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून फरक ३९ मिनिटांचा. त्याच महिन्यात गिरणी कामगार काम टाकून बाहेर पडले, गिरण्यांवर दगड पडले, शहरात सभा आणि अर्ज सुरू झाले. बंगालच्या फाळणीने देश आधीच तापलेला होता, त्यामुळे सरकारचं घड्याळ हा राजकारणाचाही विषय झाला. पण कामगाराचा हिशेब त्याहून साधा असणार. सहाला सुरू होणारी गिरणी नव्या घड्याळानेही सहालाच सुरू होणार, मात्र त्याच्या कोंबड्याच्या हिशेबाने तेव्हा पाच एकवीस. संध्याकाळी तेवढंच लवकर सोडतील, हे कागदावर खरं. गिरणीत विजेचे दिवे आल्यापासून दिवस मावळल्यावरही साचे चालू राहतात, हे तो बघत होताच. त्यातून कुणी त्याला विचारलंही नव्हतं. मुंबई महापालिकेची घड्याळं तर हट्टाने मुंबईचीच वेळ दाखवत राहिली, ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं.

आता दिव्याबद्दल. माझ्या मते कामगाराच्या आयुष्यात घड्याळापेक्षा दिव्याने जास्त उलथापालथ केली. दिवे नव्हते तोवर गिरणी उजाडता सुरू व्हायची आणि अंधारता थांबायची. हिवाळ्यात दिवस आखूड, उन्हाळ्यात लांब. सूर्य दयाळू नव्हता, पण निदान मावळायचा तरी. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी हजारो कामगारांच्या सह्यांचा अर्ज पुढे केला, त्यातल्या मागण्या आज वाचताना थांबायला होतं : रविवार पूर्ण मोकळा, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. सूर्यास्ताला बंद करा, हे तेव्हा मागावं लागत होतं. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मान्य झाली. रविवार हा खंडोबाचाही वार, हा मुद्दा त्या मागणीच्या बाजूने मांडला गेल्याचं सांगतात. सूर्यास्त मात्र हातचा गेला, कारण त्यानंतर गिरण्यांत दिवे आले आणि १९०५ च्या सुमाराच्या तेजीत काही ठिकाणी दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला.

त्याला कायद्याने वेसण घातली, तीही हप्त्याहप्त्याने. कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी १९११ मध्ये बारा तासांची मर्यादा आली, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा आणि १९४६ मध्ये नऊ. यातली एकही मर्यादा यंत्राने आपण होऊन आणली नाही, मालकाला कणव येऊनही आली नाही. अर्ज, सभा, संप आणि मग कायदा, असा तो क्रम. तुमचे वडील ज्या भोंग्याला घरी येत, तो भोंगा या लांबलेल्या भांडणाचा निकाल होता. १८९० मधल्या त्यांच्या आजोबांना तो तसा वाजला नसता.

भोंग्याने गिरणगावाला आणखी काय दिलं, ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले पुरुष गावकीच्या एकाच खोलीत पाळीपाळीने निजत. एकाची वळकटी गुंडाळली जायची तेव्हा दुसऱ्याची उलगडायची. खानावळवाल्या बायांची चूल पाळीवर पेटायची. भजनी मंडळं, व्यायामशाळा, गणपतीच्या तालमी, सगळ्यांच्या वेळा पाळी बघून ठरत. भोंगा कष्टाची वेळ सांगत होता, आणि काम संपल्यानंतरचं आयुष्यही त्याच्याच भोवती उभं राहिलं. दुसरी पाळी सोडली तर संध्याकाळी सातला आपले लोक मोकळे असणार हे पक्कं ठाऊक असे, म्हणून भजन सातला ठेवता येई.

याचं सोनं करू नका, एवढी विनंती. सुताच्या कणांनी भरलेली हवा वर्षानुवर्षं ओढून छाती निकामी झालेली माणसं त्याच चाळींत होती. साचेखात्याच्या खडखडाटाने कान गेलेले होते. बदलीवाला तर रोज सकाळी गेटवर उभा राहायचा, आज आत घेतील की परत पाठवतील ते ठाऊक नसताना. फोनवर ऑर्डर कधी येईल याची वाट बघत हॉटेलाबाहेर मोटारसायकलवर बसलेला डिलिव्हरीवाला मला त्या बदलीवाल्याचा वंशज वाटतो. फरक इतकाच, की बदलीवाल्याला निदान मुकादमाचं तोंड दिसायचं, शिव्या द्यायच्या तर कुणाला ते माहीत असायचं.

तर मग तुमच्या मुलीला ताण का? काम जड म्हणून नव्हे. भोंगा सगळ्या वस्तीला एकदम ऐकू यायचा. तो लवकर वाजला तर सगळ्यांसाठी लवकर, लांबला तर सगळ्यांसाठी लांबला; म्हणून तक्रारही सगळ्यांची एक व्हायची, आणि १९०६ सारखी माणसं एकदम बाहेर पडायची. फोन वाजतो तो एकटीचा. शेजारच्या खोलीत नवऱ्याचा वेगळा वाजतो, समोरच्या फ्लॅटमध्ये तिसराच. प्रत्येकाला वाटतं, मलाच जमत नाही, मीच वेळेचं नियोजन नीट करत नाही, मीच मनाने कच्ची. मग ती ध्यानाचं ॲप घेते, झोपेचं ॲप घेते, आणि तीही रात्री वाजतात. पिढ्यान्‌पिढ्या जो प्रश्न कामाच्या अटींचा म्हणून मांडला गेला, तो आता स्वभावाचा दोष म्हणून मांडला जातो. मला यातली ही अदलाबदल सगळ्यात जास्त खटकते.

फोन पालथा ठेवूनही लक्ष त्याच्याकडे का, याचंही एक चांगलं उत्तर मिळालेलं आहे. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे विल्यम बेकर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ मध्ये असं दाखवलं, की कामाच्या वेळेनंतर ईमेल बघायला प्रत्यक्षात किती वेळ जातो याचा प्रश्न दुय्यम आहे. बघावी लागेल, ही अपेक्षा डोक्यावर असणं चिंता वाढवायला पुरेसं ठरतं. त्याची झळ जोडीदारालाही बसते, हेही त्यांना आढळलं. म्हणजे रात्री एकही निरोप न येता मुलीची रात्र बिघडू शकते. ती आळशी नाही, हळवी नाही. ती पहाऱ्यावर आहे, आणि पहारेकऱ्याला चोर न येताही जागावंच लागतं.

हिंजवडीत त्यात आणखी एक भर. तिचे साहेब किंवा ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असतील, तर तिथले सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात, आणि तीच मीटिंग साडेआठला येते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेसात. पुण्यातल्या किती घरांत रात्रीच्या जेवणाची वेळ अशी वर्षातून दोनदा सरकते, मुलांना झोपवायची वेळ सरकते, याची कुठे मोजदाद नाही. सूर्य पुण्याचा, घड्याळही पुण्याचं, जेवण मात्र न्यूयॉर्कच्या हिशेबाने. १९०६ मध्ये ३९ मिनिटांसाठी मुंबई रस्त्यावर आली होती. इथे पुरा एक तास हलतो आणि कॅलेंडरचं निमंत्रण आपोआप दुरुस्त होऊन येतं, इतकं गुपचूप की भांडायचं कुणाशी हेही कळू नये.

भांडण अगदीच सुरू झालेलं नाही असं नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबद्दल कामगारांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑगस्टपासून, नकार अवाजवी नसेल तर वेळेनंतरच्या फोनला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला मिळाला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत असंच खासगी विधेयक मांडलं होतं. पण आपल्या संसदेत आजवर १४ खासगी विधेयकंच कायद्यात उतरली आहेत, आणि त्यातलं शेवटचं १९७० सालचं. तेव्हा त्याच्यावर डोळे लावून बसू नये, हे ओघाने आलं.

मुलीसाठी काही हाताशी हवं असेल, तर एक प्रयोग सांगतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात कॉस्टादिन कुशलेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी १२४ प्रौढांना एक आठवडा दिवसातून तीनदाच ईमेल बघायला सांगितलं आणि एक आठवडा हवी तेवढी. तीन वेळांच्या आठवड्यात ताण कमी निघाला. करून पाहायला हरकत नाही, पण एकटीने करू नये. तिने एकटीने केलं तर उत्तराला उशीर करणारी म्हणून तीच तेवढी नजरेत येईल. टीममधल्या चार जणांनी मिळून ठरवावं, रात्री साडेआठनंतर अमुक एकाचाच फोन चालू, तोही आळीपाळीने. गिरणीत याला पाळी म्हणत. वडिलांकडून तुम्हीही हा शब्द ऐकला असेल.

तिच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायलाच हवी. घरून काम आलं म्हणून लोकलच्या किंवा हिंजवडीच्या रस्त्यावरच्या गर्दीतले तास वाचले. लहान मूल असलेल्या, घरी आजारी माणूस असलेल्या कितीतरी बायकांची नोकरी त्यामुळेच टिकली. आजोबांना हवी तेव्हा गिरणी घरी आणता येत नव्हती, पण नातू तापाने फणफणला असताना घरी थांबताही येत नव्हतं. मुलीला विचारून पाहा, रोज ऑफिसला जायचं का म्हणून. बहुतेक नाही म्हणेल.

प्रश्न : नोकरीतल्या गोष्टी कंपनी ठरवते, ते एक वेळ सोडा. पण व्हॉट्सॲपवरच्या निळ्या खुणा तरी आपल्या हातात आहेत ना? त्या बंद केल्या की निम्मा त्रास संपेल, असं माझा भाचा म्हणतो.
— एक वाचक, सातारा

उत्तर : भाच्याचं अर्धं बरोबर आहे. निळ्या खुणा आल्या २०१४ च्या नोव्हेंबरात. त्याआधी दोन करड्या खुणांवरून निरोप पोचला एवढंच कळायचं, वाचला का ते कळत नसे, आणि त्या न कळण्यात दोघांचीही अब्रू राहायची. ‘पाहिलंच नाही रे’ हे निरुपद्रवी खोटं तेव्हा बोलता यायचं. नवी खूण आली आणि न दिलेलं उत्तर हेही एक उत्तर झालं. लोकांनी इतका गिल्ला केला, की थोड्याच दिवसांत ती बंद करायची सोय द्यावी लागली. बंद केली तर दुसऱ्याने वाचलं का तेही आपल्याला दिसत नाही. हा सौदा मला न्याय्य वाटतो.

उरलेलं अर्धं असं, की ही सोय दोघांमधल्या निरोपापुरतीच आहे. ग्रुपवरच्या निरोपाला ती लागू नाही. कुणी आवाज रेकॉर्ड करून पाठवला आणि तुम्ही ऐकलात, तर तेही समोरच्याला कळतंच. ऑफिसचं, शाळेचं, सोसायटीचं आणि सासरचं बरंचसं दळणवळण नेमकं ग्रुपवर चालतं. तिथे कुणी वाचलं आणि कुणी नाही याची यादी निरोप पाठवणाऱ्याला बोटाच्या एका दाबावर दिसते. ॲडमिनला आणखी एक बटण असतं, फक्त ॲडमिननेच ग्रुपवर लिहावं असं ठरवणारं. रात्री ते लावून ठेवलं तर बाकीच्यांचे सुप्रभात आणि सुविचार सकाळपर्यंत थांबतात. ॲडमिनचे स्वतःचे निरोप मात्र त्याने थांबत नाहीत, आणि ऑफिसच्या ग्रुपचा ॲडमिन बहुतेक वेळा साहेबच असतो.